मदत हवी आहे: बाबांच्या एअर रायफलसाठी स्कोप (नेम धरायची दुर्बीण), २० मीटरवर कोणता चालेल?

नमस्कार मंडळी,

जरा लांबेल. पण अर्धी माहिती दिली की उत्तरंही अर्धीच येतात, म्हणून सगळंच सांगतो.

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. सासवडच्या पुढे थोडी शेती आहे, सीताफळ आणि दोन ओळी अंजीर. रविवारी मी आणि बाबा तिकडे जातो. बाबा ६९ वर्षांचे. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टूच्या रायफलीवर त्यांचा हात बसला आणि ती आवड कायमची राहिली. घरी ०.१७७ इंची छर्ऱ्याची, स्प्रिंगची एअर रायफल आहे, नळी मोडून छर्रा भरायची. मातीच्या उंच बांधाला टेकवून एक लाकडी खोका ठेवलाय, आत जुन्या कपड्यांच्या चिंध्या ठासून भरल्यात. त्यावर कागद चिकटवायचा आणि २० मीटरवरून पाच-पाच छर्रे मारायचे. आमचा खेळ एवढाच.

मागच्या वर्षी बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. लांबचं आता लख्ख दिसतं, जवळचं मात्र चष्म्याशिवाय नाही. नेमबाजीत नेमकी इथेच अडचण येते. बॅकसाइटची (नेम धरायच्या मागच्या खुणेची) खाच डोळ्यापासून दोन वितींवर, फोरसाइट (नळीच्या टोकाची खूण) त्याच्या हातभर पुढे आणि कागद २० मीटरवर. तिन्ही एका रेषेत आणायचं तर तिन्ही दिसायला तर हवं. वाचायचा चष्मा लावला की खाच दिसते पण कागद पांढरा डाग होऊन जातो, काढला की कागद स्वच्छ आणि खाचेच्या जागी नुसता काळा धूर. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी दोन-तीनदा चष्मा वर-खाली केला, रायफल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू मार, मी कागद बदलतो." तेव्हापासून ते कागदच बदलतायत. मला ते बघवत नाही.

स्कोपमध्ये क्रॉस (आतली नेमाची फुली) आणि निशाण एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात, त्यामुळे डोळ्याला जवळ-लांब करावं लागत नाही. म्हणून जानेवारीत पेठेतल्या एका दुकानातून ३-९×४० चा (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ४० मिमीचं) स्कोप आणला. खोक्यावर सशाचं चित्र आणि "स्मॉल गेम" (छोटी शिकार) असं लिहिलेलं. दुकानदार म्हणाले, छोट्या निशाणासाठीच आहे, डोळे झाकून घ्या. घेतला.

बाबांनी त्यातून पाहिलं आणि पहिल्यांदा कितीतरी दिवसांनी हसले. पण छर्रे कागदभर पसरले. आधी वाटलं हात हलतोय. मग मी रायफल रिकामी करून वाळूच्या दोन पिशव्यांवर घट्ट बसवली, क्रॉस बरोबर काळ्या ठिपक्यावर आणला आणि रायफलीला हात न लावता फक्त मान हलवली. डोळा डावीकडे नेला की क्रॉस ठिपक्यावरून सरकून एका बाजूला, उजवीकडे नेला की दुसऱ्या बाजूला. कागदावर पट्टी धरायला बाबांना उभं केलं (रायफल उघडी आणि रिकामी होती, काळजी नसावी): मधल्या जागेपासून दोन्हीकडे जवळजवळ दीड-दीड सेंटीमीटर. म्हणजे गाल दर वेळी तसूभरही न हलता तिथेच टेकला तरच छर्रा जागेवर जाणार.

मग वाचत बसलो. याला पॅरलॅक्स म्हणतात. प्रत्येक साधा स्कोप कारखान्यातच एका ठरावीक अंतराला जुळवलेला असतो आणि क्रॉस फक्त त्याच अंतरावर स्थिर राहतो. परदेशात जिथे ससे, खारींची शिकार कायद्याने चालते, तिथे पॉइंट टू-टूवर लावायचे स्कोप बहुधा ५० यार्डांना, म्हणजे साधारण ४६ मीटरला जुळवतात; मोठ्या रायफलींचे १०० यार्डांना किंवा त्याहून लांब. जास्तीत जास्त चूक काढायची रीत सोपी आहे: पुढच्या भिंगाची त्रिज्या गुणिले अंतरातला फरक, भागिले जुळवलेलं अंतर. ४० मिमीच्या भिंगाला, २० मीटरवर, १०० यार्डांच्या स्कोपने साडेपंधरा मिलिमीटर येतात. ५० यार्डांच्या स्कोपने अकरा. माझी पट्टी दीड सेंटीमीटर दाखवत होती, म्हणजे खोक्यावर ससा असला तरी आत १०० यार्डांचाच माल होता.

पुढे दीडशे छर्ऱ्यांत तो खिळखिळाही झाला. हलवला की आत काहीतरी वाजतं. शिवाय माउंट (स्कोप रायफलीवर धरून ठेवणारी पकड) रायफलीच्या खोबणीत तीनेक मिलिमीटर मागे सरकलंय, धातूवर चकचकीत ओरखडा दिसतो. दुकानात परत नेला तर "रायफल खराब आहे तुमची" असं उत्तर मिळालं.

आता दुसऱ्यांदा चुकायचं नाही. बजेट ८ हजारांपर्यंत. ४×३२ चा साधा घ्यावा की पुढच्या भिंगाची रिंग फिरवून अंतर जुळवता येणारा, ज्याला एओ म्हणतात तो? रिंग किती मीटरपासून सुरू व्हायला हवी? आणि माउंट सरकू नये म्हणून काय करायचं? वापरणाऱ्यांनी स्वतःचा अनुभव सांगावा ही विनंती. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

मस्त धागा. शेतात ससे, तित्तर असतीलच की! त्यांच्यासाठीही उपयोगी पडेल असाच घ्या. ९ पटीपेक्षा मोठा घेतलात तर चांगलं.

धागाकर्ता

दादा, राग मानू नका, पण हे स्पष्ट लिहितो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे, आणि ससा, तित्तर दोन्ही त्या कायद्याखाली संरक्षित आहेत. ०.१७७ ची आणि २० जूलच्या आतली एअर रायफल २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे विनापरवाना ठेवता येते, पण म्हणून तिने काहीही मारायची मुभा मिळत नाही. आमच्या शेतात पहाटे तित्तरांची जोडी ओरडते, अंजिराखाली सशाच्या लेंड्या दिसतात. बाबा त्या बाजूला खोकासुद्धा ठेवू देत नाहीत. कागदाबद्दलच बोलूया.

प्रतिसाद २

तुमची रायफल खराब नाही. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दुहेरी असतो. पिस्टन पुढे सुटला की रायफल मागे येते आणि पिस्टन टोकाला जाऊन थांबला की तीच रायफल झटक्याने पुढे जाते. बंदुकीसाठी बनवलेल्या स्कोपची भिंगं फक्त मागचा धक्का सोसतील अशी बसवलेली असतात, पुढच्या झटक्याने ती सैल होतात. म्हणून महागडा स्कोपही स्प्रिंगवर तुटलेला पाहिलाय. "एअर रायफल, स्प्रिंग" असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

एओच घ्या, रिंग १० मीटरपासून सुरू होणारी. तुमच्याच गणितात २० मीटरला जुळवलं की वरचा फरक शून्य होतो. पट ३-९ असली तरी बाबांना ४ वरच ठेवायला सांगा. ९ पटीला डोळ्याशी येणारं प्रकाशाचं वर्तुळ ४०÷९, म्हणजे साडेचार मिलिमीटरचं, ४ पटीला १० मिलिमीटरचं. मोठ्या वर्तुळात डोळा पटकन सापडतो, काळी सावली येत नाही.

माउंट दोन वेगळ्या कड्यांचं नको, एकसंध घ्या. खाली पिन असलेलं, आणि रायफलीवर त्या पिनेसाठी भोक आहे का ते आधी बघा. नसेल तर मागे वेगळा स्टॉप लावावा लागेल.

अजून एक. डोळ्याकडची रिंग वेगळी, ती बाबांच्या डोळ्यासाठी. पांढऱ्या भिंतीकडे स्कोप धरून क्षणभर बघायचं, क्रॉस धूसर दिसला तर रिंग थोडी फिरवायची, परत बघायचं. टक लावून बघत राहिलं की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. ही रिंग त्यांनीच फिरवायची, तुम्ही नाही.

प्रतिसाद ३

मी बालेवाडीच्या रेंजवर जाते. वेगळा पर्याय सुचवते. १० मीटरच्या एअर रायफल स्पर्धेत स्कोप चालतच नाही. मागे बारीक भोकाची पीपसाइट असते आणि पुढे गोल कडं. भोकातून पाहिलं की जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतं, कारण बारीक छिद्राने धूसरपणाच कमी होतो. त्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो आणि तो अशाच साइटने मारतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेंनी ५० मीटरवर कांस्य मिळवलं, तेही स्कोपशिवाय. काकांना एनसीसीची सवय आहे, त्यांना हे जास्त आवडेल. स्प्रिंगच्या धक्क्याने तुटायलाही फारसं काही नाही. फक्त तुमच्या रायफलीच्या खोबणीवर बसेल का ते पाहा, सहसा ११ मिमीची असते.

धागाकर्ता

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल रात्री काळ्या पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून बाबांच्या डोळ्यासमोर धरलं आणि हातभर लांब पेन धरायला लावलं. चष्म्याशिवाय पेनवरची अक्षरं वाचली त्यांनी. मग पुठ्ठा घेऊन गॅलरीत गेले आणि समोरच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या चिमट्यांचे रंग सांगत बसले.

दादा (प्रतिसाद २), पिनेचं भोक आहे, आत्ताच बॅटरी घेऊन पाहिलं. आधीच्या माउंटला पिनच नव्हती, म्हणून तो ओरखडा. खोबण कॅलिपरने मोजली, ११ मिमीच भरली.

आता ठरवायचं ते बाबांनीच. पीपसाइटमध्ये कागद आहे तेवढाच दिसणार, स्कोपमध्ये चौपट. त्यांना जवळून दाखवल्याशिवाय मी दोन्हींपैकी काही विकत घेणार नाही. पुण्यात कोणाकडे स्प्रिंगच्या रायफलीवर लावलेला एओ स्कोप आहे का? रायफल नको, स्कोप काढून नुसता दहा मिनिटं बघायला मिळाला तरी चालेल. ताई, तुम्ही रेंजवर कोणत्या दिवशी असता? परवानगी मिळत असेल तर बाबांना घेऊन येतो. शनिवारी सकाळी ११ पर्यंत आम्ही मोकळे असतो.