मदत हवी आहे: मंगळावरच्या घड्याळातली जादा ३९ मिनिटं कुठे टाकू?

मंडळी, डोक्याला भुंगा लागलाय. हौस म्हणून मंगळावर राहणाऱ्या माणसांसाठी घड्याळ डिझाईन करतोय. तिथला दिवस, म्हणजे सोल, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. नासावाले सोलचेच सरळ २४ तास करतात आणि सेकंद साधारण २.७५ टक्के ताणतात, ते जमतंय मला, घड्याळातल्या क्वार्ट्झ स्फटिकाचे (तो सेकंदाला ३२७६८ ठोके देतो) ३२७६८ ऐवजी ३३६६९ ठोके मोजले की मंगळाचा सेकंद जवळपास बरोबर बसतो, पण मग सेकंद हा सेकंदच राहत नाही ना, नाडी मोजायची, वेग काढायचा, पृथ्वीशी बोलायचं तर वेगळं घड्याळ आलंच.

दुसरा मार्ग, सेकंद आपलाच ठेवायचा आणि मध्यरात्री घड्याळ साडेएकोणचाळीस मिनिटं थांबवायचं. मला मनातून हेच आवडतं (फुकटची झोप कोणाला नको!) पण रात्रपाळीवाल्याने त्या वेळात नोंद काय करायची? २४:१५ वगैरे लिहिलं तर सॉफ्टवेअर बोंबलेल का?

वर्ष ६६८.६ सोलचं, ते नंतर बघू. शुक्राच्या तर नादीच लागत नाही, तिथे एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत जवळजवळ ११७ दिवस जातात.

तर तुम्ही असता तर काय निवडलं असतं, आणि मंगळाची व पृथ्वीची अशा दोन्ही वेळा एकाच डायलवर गोंधळ न होता कशा दाखवाव्यात?