काकाजींची लघवी आणि सोसायटीची टाकी

ए-३०४ वहिनी, स. ७.१२
परवापासून काकाजींना लघवी लाल होऊन राहिली होती. दुखणं नाही, ताप नाही. दुकानातून अँटिबायोटिक आणलं, दोन गोळ्यांत आज साफ झाली. आता तपासणीला जायचंच नाही म्हणतात. कुणीतरी समजवा न बाप्पा.

सी-१०२ काका, ७.१५
टाकी! कधीची साफ नाही झाली. तेव्हाच बोललो होतो.

ए-४०१ सचिव, ७.१८
काका, टाकीचं बैठकीत झालं आहे. इथं आजाराचं चालू आहे.

बी-२०१ डॉक्टर ताई, ७.३१
वहिनी, साफ झाली म्हणजे सुटलो, असं नाही. मूत्राशयातली गाठ थांबून थांबून रक्त सोडते, मधे कितीतरी आठवडे काहीच दिसत नाही. अँटिबायोटिक आणि रक्त थांबणं एकाच दिवशी जुळलं की सगळे निश्चिंत होतात, आणि तिथंच उशीर होतो. या वयात न दुखता डोळ्याला दिसणारं रक्त आलं, तर कॅन्सर नाही हे तपासून पाहिल्याशिवाय थांबायचं नाही. विडी-सिगारेटचं मला वेगळं कळवा, ग्रुपवर नको.

बी-१०३ भाऊ, ७.३४
काकाजी फिरून येताना बीटाचा ज्यूस घेतात, अख्ख्या सोसायटीला माहीत आहे 😄

डी-३०२ लॅबवाले भाऊ, ७.४६
बीटानं रंग येतो, क्षयाच्या रिफाम्पिसिननं नारिंगी होते. पण ते ओळखता येतं. लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. तळाशी लाल गाळ बसून वरचं पाणी निवळलं, तर रक्त. वरचंच लाल राहिलं, तर त्यात रक्त तपासायची रंग बदलणारी पट्टी बुडवा. पट्टी निगेटिव्ह म्हणजे बीट किंवा औषध. पॉझिटिव्ह म्हणजे फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन, नाहीतर स्नायूंचं मायोग्लोबिन. नुसत्या पट्टीवर विसंबू नका. व्हिटॅमिन सी जास्त पोटात गेलं असेल, तर रक्त असून पट्टी कोरी येते. मायक्रोस्कोपखाली एका हाय पॉवर फील्डमध्ये, म्हणजे मोठं करून एका वेळी दिसणाऱ्या भागात, ३ किंवा जास्त लाल पेशी दिसल्या, की रक्त धरतात. आणि घाबरूही नका, लिटरभर लघवी लाल दिसायला १ मिली रक्त पुरतं.

सी-१०२ काका, ७.५०
पाण्याचा नमुना पण लॅबमध्ये द्या. टाकी कधी साफ झाली, तारीख सांगा.

ए-२०२ ताई, ७.५२
काका, तुमची गाडी माझ्या पार्किंगमधून कधी निघणार, तीही तारीख सांगा.

ए-४०१ सचिव, ७.५३
कृपया विषयावर राहा. दोघांनाही हात जोडून.

बी-१०३ भाऊ, ७.५८
काकाजी इकोस्प्रिन घेतात न? त्यानंच झालं असेल.

बी-२०१ डॉक्टर ताई, ८.०५
रक्त पातळ करणारी गोळी चालू असली तरी तपास तोच, तेवढाच. उलट लपलेली गाठ तिच्यामुळे लवकर उघडी पडते. पण स्वतःच्या मनानं बंद करू नका, स्टेंट असेल तर जिवावर बेतू शकतं.
काकाजींना विचारा, लाल कधी दिसली? सुरुवातीच्या धारेतच, तर मूत्रमार्ग. शेवटी-शेवटी, तर प्रोस्टेट किंवा मूत्राशयाचं तोंड. पूर्ण धार लाल, तर मूत्राशय किंवा त्याच्या वर. रक्ताच्या गांडुळासारख्या लांब गाठी पडल्या, तर किडनीकडून येणाऱ्या नळीतून. कोऱ्या चहासारखा रंग, फेस, पायाला सूज असेल, तर किडनीची गाळणी बिघडलेली असू शकते. मग नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर.

ए-३०४ वहिनी, ८.११
पूर्ण लाल होती म्हणतात. सोनोग्राफी करून घेऊ, नॉर्मल आली तर बस न?

बी-२०१ डॉक्टर ताई, ८.१९
नाही वहिनी. चपटी, लहान गाठ सोनोग्राफीत सुटते. आधी लघवी रुटीन, कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते), आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी). क्रिएटिनिन ठीक असेल तर सीटी युरोग्राफी, म्हणजे किडनी ते मूत्राशयाचा सीटी स्कॅन, कारण त्यात शिरेतून रंगद्रव्य देतात. आणि सिस्टोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मूत्राशय आतून पाहणं. सोनोग्राफी-सीटी चांगले आले तरी मूत्राशय आतून पाहावाच लागतो. पुरुष सिस्टोस्कोपीच्या नावानं घाबरतात. मूत्रमार्गात बधिर करणारी लिग्नोकेन जेली सोडतात, थोडं थांबतात, लवचीक दुर्बीण काही मिनिटांत आत-बाहेर. एक-दोन दिवस जळजळ, बस. लघवीची सायटॉलॉजी, म्हणजे त्यातल्या पेशी तपासणं, जोडीला ठीक, पण संथ वाढणारी गाठ तिच्यात बरेचदा दिसत नाही, म्हणून ती दुर्बिणीच्या जागी नको.
आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही विसरू नये. नुसता वाहक असला तरी किडनीतून न दुखता रक्त येऊ शकतं. घरात कुणाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

सी-१०२ काका, ८.२२
टाकी.

डी-३०२ लॅबवाले भाऊ, ८.२७
काका, टाकीच्या पाण्यानं जुलाब होतील, कावीळ होईल, लघवीत असं रक्त येत नाही. पाण्याचं वेगळं तपासू, शब्द देतो.
वहिनी, नमुना मधल्या धारेचा, पहिली धार सोडून, निर्जंतुक डबीत. तासाभरात लॅबला. लोक डबी स्कूटरच्या डिक्कीत टाकून सीताबर्डीच्या बाजारात दोन कामं उरकतात. या उन्हात पेशी फुटतात, पट्टी पॉझिटिव्ह आणि मायक्रोस्कोपखाली काहीच नाही. मग काउंटरवर भांडण.

बी-२०१ डॉक्टर ताई, ८.३०
रक्ताच्या गाठी पडून लघवी अडली, ओटीपोट तट्ट फुगलं, तर रात्रीचे २ वाजले असले तरी इमर्जन्सीत न्यायचं. तिथं तीन तोंडांची नळी घालून मूत्राशय धुतात. घरी पाणी पाजत बसायचं नाही.

ए-३०४ वहिनी, ८.४१
वाचून दाखवलं. उद्या येतो म्हणाले, ताईंनी सांगितलं म्हणून.

ए-४०१ सचिव, ८.४३
सकाळी गाडी मी काढतो.

डी-३०२ लॅबवाले भाऊ, ८.४६
डबी ६.३० ला दारात ठेवतो. पुढच्या गोळ्या घ्यायच्या की नाही, ते आजच ताईंना विचारून घ्या. आणि गोळ्यांचं पाकीट फेकू नका, कोणतं अँटिबायोटिक किती गेलं, ते कल्चरच्या फॉर्मवर लिहावं लागतं.