आकाशगंगेची तबकडी मोजायला रेड जायंटच का घेतात?

खानापूर_आकाश:
नमस्कार सगळ्यांना, मी बीएस्सी फिजिक्स करालोय. गाया यानानं जवळपास दीड अब्ज ताऱ्यांची अंतरं दिलीत ना, मग तबकडीची जाडी काढायला परत रेड जायंटच, म्हणजे म्हातारपणी फुगलेले लाल तारेच, का निवडतात? सूर्यासारखे साधे तारे कितीतरी जास्त हायत की.

टिळकवाडीकर:
भावा, जास्त हायत पण लांबून दिसत नाहीत. सूर्य उचलून आकाशगंगेच्या केंद्रापाशी ठेवलास, म्हणजे २६,००० प्रकाशवर्षांवर, तर मध्ये धूळ नसली तरी त्याची प्रत १९ च्या पुढं जाते (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद). आणि गायाचं अंतर पॅरलॅक्सचं, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती कोनानं सरकल्यासारखा दिसतो त्यावरनं. १०,००० पार्सेकवर (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) तो कोन फक्त ०.१ मिलीआर्कसेकंद, त्यात ०.०२ ची चूक झाली की अंतर २० टक्के हललं.

म्हणून रेड क्लम्पचे जायंट, म्हणजे गाभ्यात हेलियम जळालेले. हे मला लई आवडतं बघ. सूर्याएवढ्या वजनाचा तारा म्हातारा झाला की त्याच्या गाभ्यात हेलियम साठत जातं, आणि तो गाभा सूर्याच्या साधारण निम्म्या वजनाचा झाला की हेलियम पेटतं. बाहेरून तारा थोडा हलका असो की जड, पेटताना गाभा जवळपास तेवढाच, म्हणून उजेडही जवळपास सारखाच, सूर्याच्या पन्नासेक पट. सगळे एकाच वॅटचे बल्ब, किती मंद दिसालाय त्यावरून अंतर काढायचं.

निपाणीचा_दुर्बीणवाला:
धुळीचं राहिलं की ओ सर. तबकडीतनं बघताना धूळच खरी अडचण, आणि जायंट इन्फ्रारेडमध्ये झगझगीत असतात, तो प्रकाश धुळीतनं बराच पार होतो. अपोजी नावाचा ताऱ्यांचा सर्व्हे त्यासाठीच १.५ ते १.७ मायक्रॉनला, म्हणजे इन्फ्रारेडमध्येच, स्पेक्ट्रम (प्रकाशाची रंगवार फोड) घेत होता, त्यातनं ताऱ्यात लोह किती, मॅग्नेशियम किती तेही कळतं.

खानापूर_आकाश:
धन्यवाद दोघांना. मग जाडी किती निघाली ओ?

टिळकवाडीकर:
एक आकडा नाही. १९८३ साली गिल्मोर आणि रीड यांनी दाखवलं की पातळ तबकडीबरोबर एक जाड तबकडीपण हाय. पातळ तबकडीत मधल्या प्रतलापासून वर किंवा खाली दर ३०० पार्सेकला ताऱ्यांची दाटी २.७ पटीनं उतरते, जाड तबकडीत तेवढी उतरायला साधारण ९०० पार्सेक लागतात. जाड तबकडीतले तारे जुने, लोहाच्या मानानं मॅग्नेशियम जास्त असलेले, म्हणून स्पेक्ट्रम पाहिजेच, नुसत्या अंतरावर वेगळे करता येत नाहीत.

निपाणीचा_दुर्बीणवाला:
आणि ती सपाटही नाही, कडेला वाकलेली हाय. २०१९ मध्ये सेफिड ताऱ्यांवरून (ठरावीक तालात ज्यांचा उजेड कमीजास्त होतो ते) तो वाक थ्रीडीत मांडला, तेपण महाकाय तारेच. एक क्लम्प जायंट तुला स्वतःलापण बघता येतो, ब्रह्महृदय (कॅपेला) तारा. दुर्बिणीतपण एकच ठिपका दिसतो पण आत दोन जायंट हायत, त्यातला एक क्लम्पमधला.