‘फलक फ्लिकर होतोय’ : या एका शब्दात किती बिघाड?

पुण्यातल्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे, एलईडीचे फलक जुळवायचे आणि बिघडले की उघडायचे, हा माझा धंदा. गिऱ्हाइकाचा फोन येतो तो ठरलेला: “फलक फ्लिकर होतोय.” एवढ्यावरून कोणतं सामान पिशवीत टाकायचं ते कळत नाही. म्हणून मी उलट विचारतो, “लुकलुकतोय, मिणमिणतोय की थरथरतोय?” आणि गंमत अशी की दुकानदार असो, मंदिराचे पुजारी असोत किंवा शाळेतले शिपाईकाका, या प्रश्नाचं उत्तर ते क्षणात देतात. फ्लिकर म्हणताना जे हातातून निसटतं ते मराठी क्रियापद नेमकं पकडतं. माझा अनुभव मांडतो, चुकत असेन तर सांगा.

लुकलुकणं म्हणजे अख्खा फलक विझतो, पुन्हा लागतो, आणि त्याला एक लय असते. हे बहुतेक वेळा पॉवर सप्लायचं काम. भार झेपेना की तो स्वतःला बंद करतो, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद. कुठेतरी शॉर्ट असतो, नाहीतर एकाच सप्लायवर जास्त मॉड्यूल, म्हणजे फलक जुळवायचे एलईडीचे तुकडे, टांगलेली असतात.

मिणमिणणं वेगळं. इथे उघडझाप नाही, उजेडच कमी. तेल संपत आलेल्या समईसारखा. आणि तो सगळीकडे सारखा कमी नसतो, सप्लायपासून लांबच्या टोकाला जास्त कमी असतो. कारण तार. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण १७ ते १८ मिलिओहम. टोकापर्यंत ३ मीटर जाणं, ३ मीटर येणं, म्हणजे ६ मीटर. त्यातून १० अँपिअर गेले की १ व्होल्टहून थोडा जास्तच तारेत जिरतो. ५ व्होल्ट निघतात, ४ च्या आसपास पोचतात. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर घट ०.४ व्होल्टवर येते. रंगीत फलकात तर हे नुसत्या डोळ्यांना कळतं: लाल एलईडीला २ व्होल्टच्या आसपास पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या जवळपास लागतात, म्हणून टोकाकडचा पांढरा रंग तांबूस दिसायला लागतो.

थरथरणं म्हणजे उजेड पुरेसा, पण अक्षरं जागच्या जागी हलतात, मधूनच फुटतात. इथे वीज ठीक असते, निरोप बिघडलेला असतो. चपटी केबल सैल, फार लांब, किंवा कंट्रोलर (काय दाखवायचं ते फलकाला सांगणारी पाटी) आणि मॉड्यूल यांचा ग्राउंड, म्हणजे दोघांची सामाईक शून्य व्होल्टची तार, नीट जोडलेला नाही.

तर प्रश्न असा: फ्लिकरला एकच प्रतिशब्द ठरवावा का? माझं मत, ठरवू नये. तुमच्याकडे आणखी कोणते शब्द चालतात?

प्रतिसाद (मुद्रितशोधनाचं काम करते, सदाशिव पेठ)

ठरवू नये, याला माझं अनुमोदन. हे सगळे अभ्यस्त शब्द आहेत: लुकलुक, मिणमिण, थरथर. पण त्यांचा रोख एक नाही, हे तुमच्या उदाहरणांवरून पहिल्यांदाच इतकं स्वच्छ दिसलं. ‘लुकलुक’मध्ये काळ आहे, ‘मिणमिण’मध्ये मात्रा आहे, ‘थरथर’मध्ये जागा आहे. पारिभाषिक शब्द म्हणून यातला कुठलाही एक घेतला तर बाकीचे दोन अर्थ मरतील.

एक सूचना. अशा लेखनात ‘डिस्प्ले’साठी हल्ली कुणी ‘प्रदर्शन’ लिहितं, ते टाळावं. प्रदर्शन भरवायचं असतं. आपल्याकडे ‘दर्शक’ आहे. हिंदीच्या वळणाने दर्शक म्हणजे पाहणारा असं आता लिहिलं जातं, पण पाहणाऱ्याला मराठीत प्रेक्षक म्हणतात. दर्शक म्हणजे दाखवणारा: दिशादर्शक, वेगदर्शक. त्या धर्तीवर अंकदर्शक म्हटलं तर कुणालाही कळेल. मोठ्या पाटीसाठी मात्र तुमचा ‘फलक’च बरा. फळा आणि फळी त्याच घरातले.

प्रतिसाद (भोसरीत फलकांची रचना करते)

दादा, थरथरण्यात एक कारण राहिलं आणि ते नव्या कंट्रोलरमुळे फार वाढलंय. कंट्रोलर ३.३ व्होल्टवर चालतो, मॉड्यूलवरची ७४एचसी२४५ ही चकती (चिप) ५ व्होल्टवर. संकेत शून्य आणि एक असे दोनच असतात; त्या मालिकेतल्या चकतीला ‘एक’ कळायला पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. मिळतात ३.३. टेबलावर चालून जातं, उन्हात किंवा लांब केबलवर अक्षरं फुटतात. मध्ये ७४एचसीटी मालिकेतली चकती घातली की तिला २ व्होल्ट पुरतात. केबल बदलून बदलून लोक थकतात, आणि दोष रचनेतच असतो.

‘दोष’ हा शब्द मुद्दाम वापरला. आमच्याकडे नव्या मुलांना मी दोष आणि बिघाड वेगळे शिकवते. दोष पहिल्या दिवसापासून असतो, बिघाड नंतर होतो. बिघाड दुरुस्त करता येतो. दोषाला पुन्हा कागदावर जावं लागतं.

‘टिकाऊ’ आणि ‘भरवशाचा’ यांचंही तेच. जाड पत्र्याचा डबा टिकाऊ असतो. पण पहिल्या पावसात केबलच्या भोकातून पाणी शिरलं, आणि तळाशी बाहेर जायला वाट ठेवलेली नसली, तर तो टिकाऊ डबा आतलं पाणी इमानाने सांभाळत बसतो. आम्ही केबल खालून आत घेतो, आत शिरण्याआधी तिला खाली झोळ देतो म्हणजे थेंब तिथेच गळतो, आणि तळाला भोक ठेवतो. विश्वासार्ह हा शब्द मला साक्षीदारासाठी बरा वाटतो. यंत्र भरवशाचं असावं.

मूळ लेखक

ताई, ३.३ व्होल्टचं अगदी पटलं. मी स्वतः एकाच फलकाच्या तीन केबली बदलल्या आहेत.

‘सावली पडणं’ लिहायचं राहिलं. जळत्या ओळीच्या वर-खाली तिचीच फिकट ओळ दिसते. इंग्रजीवरून काही जण त्याला भूत म्हणतात, मला सावलीच योग्य वाटते. आपला नेहमीचा पी१० (ठिपक्यांत १० मिलिमीटर अंतर असलेला) मॉड्यूल ३२ बाय १६ ठिपक्यांचा. एका रंगाच्या मॉड्यूलमध्ये १६ पैकी चारच ओळी एका वेळी पेटलेल्या असतात, पुढच्या क्षणी पुढच्या चार. डोळ्याला सगळ्या एकदम दिसतात, एवढंच. एका गटातून दुसऱ्यावर जाताना आधीच्या ओळीवरचा विद्युतभार पुरता उतरला नाही की सावली. ओळी अशा आळीपाळीने पेटतात म्हणूनच मोबाइलने फोटो काढला की काळे पट्टे येतात. त्याला बिघाड समजून फोन करणारे पुष्कळ, त्यांना मी निर्धास्त राहायला सांगतो.

आणि दर चौथी ओळ काळी असेल तर निदान सोपं: ओळी निवडणारी चकती किंवा तिच्यापुढचा मॉस्फेट, म्हणजे ओळीला वीज सोडणारा स्विच. देवनागरीत याचा फटका जास्त बसतो. नेमकी शिरोरेषेची ओळ गेली की मजकूर गुजरातीसारखा दिसतो, आणि लोकांना वाटतं फाँट बदललाय!

आणखी एक. नीट न धरलेल्या, कोरड्या सांध्याला बाजारात ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. पण कसब्यातल्या तांबट आळीचा हा जुनाच व्यवहार आहे: डाक लावणं, झाळणं, कल्हई करणं. तारेच्या टोकाला आधी कथील चढवतात त्याला आम्ही टिनिंग म्हणतो, ती कल्हईच. ‘कोरडा डाक’ म्हणायला काय हरकत आहे?

प्रतिसाद (मुद्रितशोधन)

काहीच हरकत नाही, मी आजपासून लिहीन. फाँटचा विषय निघालाच आहे म्हणून: काही फलकांवर ‘आचाऱ्याला’ हे ‘आचार्याला’ असं उमटतं. स्वयंपाक्याचा एकदम गुरू होतो. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. ‘कि’ मधली वेलांटी अक्षरानंतर पडलेली तर कितीदा पाहिली आहे. हा तुमच्या तारांचा प्रश्न की आमच्या अक्षरांचा?

प्रतिसाद (भोसरी)

दोघांचाही नाही, कंट्रोलरचा. तो अक्षरं साठवलेल्या क्रमाने एकेक उमटवतो, जोडाक्षर घडवत नाही. ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर असते आणि दिसायला आधी लागते. आम्ही संगणकावर ओळ पूर्ण घडवून तिचं चित्र फलकाला पाठवतो. मग ऱ्य सुद्धा नीट येतो.

प्रतिसाद (सोसायटीचं काम पाहतो, कोथरूड)

आमचा फलक यातलं काहीच करत नाही. तो पेंगतो. थंडीत सकाळी चालू केला की दहा मिनिटं अर्धवट, मग दिवसभर ठणठणीत.

मूळ लेखक

काका, ‘पेंगणं’ माझ्या वहीत नव्हतं, आता लिहून घेतलं. हे सप्लायमधल्या जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीचं, लक्षण दिसतंय. आतला द्राव सुकत आला की गारठ्यात त्याचा अंतर्गत रोध वाढतो, तापला की तात्पुरता सुधारतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं असा ठोकताळा आहे, म्हणून उन्हातल्या डब्यात तो लवकर म्हातारा होतो. माथा फुगलेला दिसेल, कधी दिसणारही नाही. बदलताना १०५ अंशांचा छाप असलेला घ्या. फक्त स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास विद्युतदाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहतो. रविवारी दुपारी मी कोथरूडलाच आहे, येऊन बघतो.