मरिनर्स: पोलँको गेला, आता कास्तियोला विकून बॅटर आणायचा का?

रेडमंडवाला

मंडळी, सिॲटल मरिनर्स ही बेसबॉल टीम बघणारे इथे बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतोय. मी यंदापासूनच सिरियसली बघायला लागलो, ऑफिसातले लोक ऑक्टोबरभर दुसरं काही बोलतच नव्हते आणि डेट्रॉइटविरुद्धचा तो 15 इनिंगचा (एरवी 9 असतात) प्लेऑफ म्हणजे बाद फेरीचा गेम पाहिल्यावर मी पार अडकलोच त्यात. पण आता डिसेंबर 2025 मध्ये टीम जे काय करतेय ते मला नीट झेपत नाहीये. बॅटर नेलरला 5 वर्षं 92.5 मिलियन डॉलर दिले, छान, मस्त, मला तो प्रचंड आवडतो. पण ज्याच्या हिटवर तो 15 इनिंगचा गेम जिंकला त्या पोलँकोला न्यूयॉर्क मेट्सकडे जाऊ दिलं, 2 वर्षं 40 मिलियनला, म्हणजे इतकेही अशक्य पैसे नव्हते ना हे? बॅटर स्वारेझ पण फ्री एजंट (करार संपलेला, कुठेही जायला मोकळा) आहे आणि तो परत येईल असं काही दिसत नाही. आणि या सगळ्यात हॅरी फोर्डसारखा ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या राउंडला घेतलेला कॅचर वॉशिंग्टनला देऊन आणलं कोणाला तर एक डावखुरा रिलीव्हर (मधेच येऊन टाकणारा पिचर), होजे फेरेर.

माझा प्रश्न सरळ आहे. आपल्याकडे स्टार्टर (गेम सुरू करणारे पिचर) पाच आहेत, गिल्बर्ट, कर्बी, वू, कास्तियो, मिलर. हँकॉक सहावा. मग कास्तियोला ट्रेड करून तिसऱ्या किंवा दुसऱ्या बेसवर एक चांगला बॅटर का नाही आणत? त्याचा पगार वर्षाला 20 मिलियनच्या वर आहे, वय 33 झालं, आत्ता त्याची किंमत येईल, पुढच्या वर्षी येईल का? जाणकारांनी समजावून सांगा प्लीज, मला खरंच कळून घ्यायचंय.

किंगफेलिक्स

अरे पाच स्टार्टर आहेत हे फक्त कागदावर. 2025 चं काय झालं ते आधी नीट आठव. कर्बीचा खांदा स्प्रिंग ट्रेनिंगमध्येच (सीझनआधीच्या सरावातच) दुखायला लागला, तो मे संपत आला तेव्हा मैदानात दिसला. गिल्बर्ट एप्रिलमध्ये हाताच्या दुखण्याने बाहेर गेला तो जूनच्या मध्यावर परत आला. मिलरचं कोपर, एकदा नाही दोनदा, आणि 2024 ला ज्याचा ईआरए (9 इनिंगमागे दिलेले रन, कमी तितके चांगले) 2.94 होता त्याचा 2025 ला 5.68 झाला, ते काय तो पिचिंग विसरला म्हणून नाही झालं. वू सगळ्यात भारी चालला होता, सीझनच्या पहिल्या 25 स्टार्टमध्ये दर वेळी कमीत कमी 6 इनिंग टाकल्या, असं करणारा पिचर हल्ली बघायला मिळत नाही, पण सप्टेंबरमध्ये त्याच्या छातीचा स्नायू दुखावला आणि डेट्रॉइटची अख्खी सिरीज तो नव्हता. मग राहिलं कोण? कास्तियो. 180 इनिंग, ईआरए 3.54, आणि दर पाचव्या दिवशी बॉल हातात घ्यायला हजर. त्यालाच विकायचं म्हणतोस तू.

2024 शी तुलना करून बघ म्हणजे कळेल. त्या वर्षी गिल्बर्ट, कर्बी, कास्तियो, मिलर चौघांनीही 30 किंवा जास्त स्टार्ट केले, रोटेशनचा (आळीपाळीने टाकणाऱ्या स्टार्टरांचा) ईआरए सगळ्या लीगमध्ये सगळ्यात कमी होता, गिल्बर्टने तर 200 च्या वर इनिंग टाकल्या, आणि तरी टीम 85-77 वर अडकली आणि एका गेमने प्लेऑफ हुकलं कारण बॅटिंगच नव्हती. 2025 ला बरोबर उलटं झालं, आपला कॅचर रॉलीने 60 होमर (क्रिकेटच्या सिक्ससारखे) मारले, पिचिंग अर्धा सीझन लंगडत होतं तरी 90 जिंकले आणि 2001 नंतर पहिल्यांदा डिव्हिजन (गटातलं पहिलं स्थान) घेतली. आता दोन्ही एकाच वर्षी जमवायचं असेल तर जे हात धडधाकट आहेत ते विकून कसं चालेल?

आणि एक मनातलं सांगतो. मी या टीमला पिचर फेलिक्स हर्नांडेझमुळे बघायला लागलो. 2005 ते 2019, पंधरा सीझन तो इथेच राहिला, 2012 ला परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर जाऊ न देता) टाकला, आणि त्या माणसाला एकदाही, एकदाही पोस्टसीझनमध्ये (प्लेऑफमध्ये) पिचिंग करायला मिळालं नाही. कारण त्याच्या मागे कधी पूर्ण टीमच उभी केली नाही. आता पाच-पाच चांगले हात एकत्र आलेत, त्यातले गिल्बर्ट, कर्बी, वू, मिलर चौघं आपणच ड्राफ्ट करून वाढवलेले, वू तर सहाव्या राउंडचा, तर हे दिवस पुरते वापरून घ्यायला हवेत यार. गिल्बर्ट 2027 नंतर फ्री एजंट होतो, कास्तियोचा गॅरंटीड करारही तेव्हाच संपतो. म्हणजे हातात दोन सीझन आहेत.

बॉथेलकरीण

किंगफेलिक्सदादांच्या प्रत्येक शब्दाला +1. माझा मुलगा लिटल लीगमध्ये पिचिंग करतो, तिथे 11-12 वर्षांच्या मुलांना दिवसाला 85 पिचच्या वर टाकू देत नाहीत आणि नंतर सक्तीने चार दिवस विश्रांती, कोच अगदी वहीत लिहून ठेवतात. आणि या मोठ्या माणसांकडून आपण ऑक्टोबरमध्ये काय काय करून घेतलं ते बघा ना. डेट्रॉइटच्या त्या गेममध्ये गिल्बर्ट आणि कास्तियो दोघांनाही बुलपेनमधून (रिलीव्हरांच्या जागेतून) आणावं लागलं, मग पुढच्या सिरीजमध्ये गिल्बर्टने दोन दिवसांच्या विश्रांतीवर टोरांटोत दुसरा गेम सुरू केला आणि तीनच इनिंग टाकू शकला, मिलरने तीन दिवसांच्या विश्रांतीवर पहिला गेम. मिलरने त्या दिवशी सहा इनिंग कशा काढल्या देव जाणे, स्प्रिंगरने पहिल्याच पिचवर होमर मारला होता आणि नंतर याने एक रन दिला नाही. माझ्या मते अख्ख्या पोस्टसीझनमधलं सगळ्यात मोठं पिचिंग ते होतं आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलतच नाही.

कोथरूड_टू_सिॲटल

मी आता परत पुण्यात असतो पण टीम सुटत नाही. टोरांटोविरुद्धचा शेवटचा गेम 7 तुमच्याकडे 20 ऑक्टोबरच्या संध्याकाळी होता, इकडे 21 ची पहाट, लक्ष्मीपूजनाचा दिवस, घरात सगळे लवकर उठून फराळाची ताटं लावतायत आणि मी फोन घेऊन खिडकीत. 3-1 पुढे होतो आपण. सातव्या इनिंगपर्यंत. सिॲटलची टीम वर्ल्ड सिरीजला (फायनलला) कधीच गेलेली नाही, सगळ्या लीगमध्ये अशी एकच टीम उरलीय, आणि आठच आउट बाकी होते.

रेडमंडवाला, फेरेरला का आणलं याचं उत्तर त्याच इनिंगमध्ये आहे असं मला वाटतं. कर्बीने चार इनिंग छान काढून दिल्या, मग वू आला, तोही दुखापतीतून नुकताच उठलेला, त्याने पाचवी-सहावी साफ काढली. सातव्यात टोरांटोच्या बार्गरला वॉक (फुकट बेस), मग एक सिंगल, मग बंट (बॉल हलकेच टेकवून रनर पुढे नेणं), दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर रनर आणि समोर स्प्रिंगर. आपला मॅनेजर डॅन विल्सनने रिलीव्हर बझार्डोला आणलं. होमर. 4-3, आणि तिथेच संपलं सगळं. त्या दिवसापासून सगळे हेच विचारतायत की मुन्योस असताना त्याला का नाही आणलं, 38 सेव्ह (शेवटी येऊन राखलेले विजय) आणि 1.73 ईआरए असलेला माणूस, आणि मलाही शंभर टक्के तसंच वाटतं, सीझनमधला सगळ्यात मोठा आउट हवा असेल तर सगळ्यात चांगला पिचर लागतो, मग ती सातवी इनिंग असो की नववी. पण बझार्डोला शिव्या देणारे लोक बघितले की वाईट वाटतं. तो सीझनभर 70 च्या वर गेममध्ये आला, पोस्टसीझनमध्येही विल्सन जवळजवळ रोज त्यालाच हाक मारत होता, कारण मुन्योस, ब्रॅश आणि डावखुरा स्पायर सोडले तर भरवशाचं दुसरं कोणी नव्हतंच. जुलैत फर्ग्युसनला आणला होता तोही डावखुरा पण महत्त्वाच्या वेळी त्याच्यावर विश्वास टाकता आला नाही. चार माणसांवर अख्खा ऑक्टोबर काढायचा म्हणजे शेवटी कोणाचा तरी हात थकणारच.

म्हणून फेरेर. वय 25, ताशी नव्वदीच्या वरच्या टोकाच्या मैलांना जाणारा सिंकर (शेवटी खाली बसणारा बॉल), समोरचे बॅटर बॉल जमिनीवरच मारत राहतात, आणि 2029 पर्यंत टीमकडे. त्याचा 2025 चा ईआरए साडेचारच्या आसपास दिसतो म्हणून लोक नाक मुरडतायत पण नॅशनल्सची फील्डिंग कशी होती तेही बघा, ग्राउंडबॉलवर जगणाऱ्या पिचरला मागे चांगले हात लागतात. फोर्ड गेल्याचं दुःख मलाही आहे, पण रॉलीने मार्चमध्ये 105 मिलियनचा करार केलाय, सहा वर्षांचा. फोर्ड कॅच करणार कुठे?

स्लायडर

मी जरा वेगळं बोलणार आहे, रागावू नका कोणी. रेडमंडवाला म्हणतोय त्यात तथ्य आहे.

एक म्हणजे कास्तियो. माणूस म्हणून, पिचर म्हणून मला अतिशय प्रिय आहे, 2022 ला त्याला सिनसिनाटीहून आणलं, नोएल्वी मार्टेसारखा खेळाडू दिला त्याच्यासाठी, आणि त्याच वर्षी 21 वर्षांचा प्लेऑफचा दुष्काळ संपला, टोरांटोत जाऊन त्याने जो पहिला प्लेऑफ गेम टाकला तो मी कधी विसरणार नाही. पण 2025 मध्ये घरचे आणि बाहेरचे आकडे वेगवेगळे काढून बघा. घरी एकदम सॉलिड, बाहेर गेला की मार. आपल्या टी-मोबाइल पार्क मैदानात समुद्रावरची थंड दमट हवा असते, एप्रिल-मेच्या रात्री तर बॉल वॉर्निंग ट्रॅकवर (कुंपणाच्या जरा अलीकडे) येऊन मरतो, त्यामुळे आपले पिचर आहेत त्यापेक्षा चांगले दिसतात आणि बॅटर आहेत त्यापेक्षा वाईट. म्हणूनच तर चांगले फ्री एजंट बॅटर इथे यायला तयार होत नाहीत आणि पिचर मात्र घरात तयार होतात. मग ज्या गोष्टीची आपल्याकडे चंगळ आहे ती देऊन जी मिळत नाही ती आणावी हा साधा व्यवहार आहे. शेतात कांदा उदंड पिकला तर बाजारात नेतोच ना माणूस.

दुसरं म्हणजे टोरांटोविरुद्ध शेवटी पडलो ते फक्त बुलपेनमुळे नाही. गेम 3 ला कर्बीने चार इनिंगमध्ये 8 रन दिले. गेम 4 ला कास्तियो तिसऱ्या इनिंगमध्येच बाहेर. गेम 6 ला गिल्बर्टने चार इनिंगमध्ये 5 दिले. टोरांटोत दोन्ही गेम जिंकून घरी आलो होतो, स्वतःच्या मैदानावर पुढचे दोन 13-4 आणि 8-2 ने हरलो. ही रोटेशन आपली ताकद म्हणायची आणि तिथेच असं होत असेल तर त्यावर बोलायला हवं, नुसतं विल्सनच्या एका निर्णयावर सगळं ढकलून कसं चालेल.

आणि पोलँकोचे 26 होमर आता कुठून आणणार ते कोणीच सांगत नाहीये. विल्यमसनची तिसऱ्या बेसवरची फील्डिंग डोळ्यांचं पारणं फेडते पण 2025 ला अख्ख्या सीझनमध्ये त्याने एकच होमर मारला. कोल यंग 22 वर्षांचा, कोल्ट एमर्सन 20 चा. दोघंही चांगले होतील, पण एप्रिलमध्येच होतील का? मला 2026 मध्ये वर्ल्ड सिरीज हवीय, 2028 मध्ये नाही.

किंगफेलिक्स

@स्लायडर रागावतोय कशाला, मुद्दा बरोबर मांडलायस. पण तू जे तीन गेम सांगितलेस ते सगळे त्या 15 इनिंगच्या गेमनंतरचे आहेत. कर्बीने तो सुरू केला होता, गिल्बर्ट आणि कास्तियो त्यात बुलपेनमधून आले. वू नव्हता. चौघांवर पाचाचं ओझं पडलं आणि त्यातले दोघं वर्षभर दुखापतीतून सावरत होते. तू म्हणतोस तसा कास्तियो विकला तर पुढच्या ऑक्टोबरला तिघांवर पडेल, कारण हँकॉक 150 इनिंग चांगल्या टाकेल असं छातीठोकपणे कोण सांगणार? आणि केड अँडरसन, जुलैत तिसऱ्या नंबरला घेतलेला तो डावखुरा, त्याने अजून एकही प्रोफेशनल गेम खेळलेला नाही.

बॅटर आणायला माझी हरकत अजिबात नाही. मायनर लीगमधले पिचर द्या, प्रॉस्पेक्ट (होतकरू पोरं) द्या, आपल्याकडे आहेत भरपूर, सेंट लुईसचा डोनोव्हन किंवा ॲरिझोनाचा केटेल मार्टे यांची नावं रोज ऐकू येतायत. टीमचा कारभार बघणाऱ्या डिपोटोने ट्रेड करायला कधी मागेपुढे पाहिलेलं नाही. फक्त पहिल्या पाचातल्या कोणाला हात लावू नये एवढंच माझं म्हणणं.

रेडमंडवाला

बापरे, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. दुखापतींचं गणित माझ्या डोक्यातच नव्हतं, मी नुसती नावं मोजत होतो. पण स्लायडरचा घरचा-बाहेरचा मुद्दाही मला पटतोय, त्यामुळे आता अजून एक विचारतो. मिलरचं काय? त्याच्या कोपरात हाडाचा काटा आहे म्हणतात आणि तो ऑपरेशन न करता खेळला. तो जर एप्रिलमध्ये तयार नसेल तर कास्तियोचा विषयच संपला ना?

बॉथेलकरीण

हो, माझ्या मते सगळं त्यावरच आहे. मिलर 2024 सारखा असला तर मग स्लायडर म्हणतात त्यावर जुलैत विचार करता येईल, तेव्हा ज्या टीम्सना पिचर हवा असतो त्या जास्तच देतात. आत्ता डिसेंबरमध्ये कशाला घाई करायची? फेब्रुवारीत पिओरियाला सरावासाठी पिचर आणि कॅचर पोचले की पहिल्या आठवड्यातच त्याचा फास्टबॉल किती वेगाने पडतोय ते कळेल. आम्ही यंदा स्प्रिंग ट्रेनिंगला जायचा विचार करतोय, मुलाला जवळून बुलपेन दाखवायचंय. इथून कोणी येणार असेल तर सांगा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याचं बघतोय.

कोथरूड_टू_सिॲटल

ताई, जमलं तर वू कसा टाकतोय तेही बघून इथे लिहा. ती छातीची दुखापत पूर्ण बरी झाली का याची मला मिलरपेक्षा जास्त काळजी आहे.