अतिउजव्यांना रस्त्यावर अडवून काही साध्य होतं का?

निरंजन१९: सध्या केबल स्ट्रीटबद्दल वाचतोय. ४ ऑक्टोबर १९३६ ला ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी ऑस्वाल्ड मोस्ले याचे काळ्या शर्टातले लोक पूर्व लंडनमधल्या ज्यू वस्तीतून मोर्चा काढणार होते. कम्युनिस्ट, ज्यू रहिवासी आणि आयरिश गोदी कामगारांनी तो हाणून पाडला. पण जर्मनीतही डावे नाझींना रस्त्यावर भिडतच होते, तरी हिटलर आलाच. असं का?

पायवाट: रस्ता मोकळा सोडला की त्यांना वाटतं वस्ती आपलीच. ज्यांच्या दारावरून तो मोर्चा जाणार असतो त्यांना "दुर्लक्ष करा" म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

रेवा_क: मी बरीच वर्षं मोर्च्यांत साखळी धरून उभी राहते, म्हणून सविस्तर लिहिते.

केबल स्ट्रीटवर मारामारी झाली ती मुख्यतः पोलिसांशी. मोर्च्याला वाट करून द्यायला हजारो पोलीस आणले होते. लोकांनी रस्त्यात अडथळे रचले, घोड्यांच्या टापांखाली गोट्या पसरल्या, बायकांनी वरच्या खिडक्यांतून मुताची भांडी ओतली. शेवटी पोलीस आयुक्तांनीच मोस्लेला मागे फिरायला लावलं. पण आठवडाभरात माइल एंड रोडवर ज्यूंच्या दुकानांच्या काचा फुटल्या, आणि मार्च १९३७ च्या लंडन काउंटी कौन्सिल निवडणुकीत पूर्व लंडनमधल्याच बेथनल ग्रीनमध्ये फॅसिस्टांना सुमारे २३ टक्के मतं पडली!

त्यांचा पाया खचला तो वेगळ्या कामामुळे. पूर्व लंडनमधल्या स्टेपनीचे कम्युनिस्ट फिल पिराटिन भाडेकरूंचे लढे बांधत होते. पॅरागॉन मॅन्शन्स या इमारतीतून दोन कुटुंबांना बाहेर काढायला बेलिफ (कोर्टाचे जप्ती-ताबा अधिकारी) येणार होते, आणि ती कुटुंबं मोस्लेच्या पक्षाची होती. त्यांचा स्वतःचा पक्ष फिरकला नाही. कम्युनिस्टांनी शेजाऱ्यांना गोळा करून बेलिफांना परतवलं. हे मला त्या गोट्यांपेक्षा मोठं वाटतं. पिराटिन १९४५ मध्ये त्याच भागातून खासदार झाले.

जर्मनीत उलट घडलं. १७ जुलै १९३२ ला हॅम्बुर्गजवळच्या आल्टोनाच्या कामगारवस्तीतून नाझींचा मोर्चा गेला, १८ माणसं मेली, बहुतेक पोलिसांच्या गोळ्यांनी. तीनच दिवसांत जर्मनीचा चान्सेलर फॉन पापेनने हेच निमित्त करून प्रशिया या सर्वांत मोठ्या प्रांतातलं सोशल डेमोक्रॅटांचं (मवाळ डाव्यांचं) सरकार हटवलं. तेव्हा कम्युनिस्ट त्याच सोशल डेमोक्रॅटांना "सोशल फॅसिस्ट" म्हणत होते. सोबत उभं राहायला कोण उरणार?

निरंजन१९: म्हणजे मोर्चा अडवायला जाऊच नये?

रेवा_क: जायचं, आणि भरपूर संख्येने जायचं. पण हात शिवशिवणाऱ्या पोरांना मी पुढच्या रांगेत कधीच ठेवत नाही. तिथे थंड डोक्याची माणसं लागतात. एका दगडाने दुसऱ्या दिवशीची सगळी बातमी त्या दगडाची होते. आणि हल्ले बहुतेक वेळा मोर्चा पांगल्यावर होतात, एकट्यादुकट्याला गाठून. परतताना गटानेच निघा, झेंडे-बिल्ले पिशवीत घाला, आणि प्रत्येक जण घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत कुणीतरी फोनपाशी बसा.