तुम्ही भात कसा लावता?

गेल्या महिन्यात मावळातल्या आत्याकडून नव्या इंद्रायणीचं पोतं आलं. आई एकास दोन पाणी घालायची, तीन शिट्ट्या करायची. मीही तेच केलं आणि कुकर उघडला तर आत भाताचा गोळा. वास मात्र घरभर दरवळत होता. इंद्रायणी हा आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या केंद्रात निघालेला वाण. मुळात चिकट, त्यात नवा तांदूळ पाणी कमी पितो. आईच्या डब्यात जुना कोलम असायचा. तिचं माप चुकीचं नव्हतं, ते त्या तांदळाचं माप होतं. आता विचारायला ती नाही, म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या घरी चांगला भात कशाला म्हणतात आणि तो कसा जमवता? तांदूळ कोणता, भांडं कोणतं, तेही लिहा.

सावंतवाडी
आमच्याकडे उकडा. भात गिरणीत नेण्याआधीच भिजवून उकडलेला असतो, त्यामुळे दाणा घट्ट होतो आणि कितीही शिजवला तरी मोडत नाही. पाण्याचं प्रमाण असं नाहीच. मोठ्या टोपात भरपूर आधण ठेवायचं, तांदूळ रोवळीत धुऊन त्यात वैरायचे आणि पाऊण-एक तास शिजू द्यायचे. मी लहानपणी टोपात डोकावून पाणी उरलं का बघायचे, तेव्हा आजी म्हणायची, "पाणी काय बघतंस, शीत बघ." पळीवर दोन शितं घेऊन बोटांत दाबायची, आत पांढरा ठिपका राहिला नसेल तर झालं. अकराच्या सुमाराला त्यातलीच दोन-तीन पळ्या पेज वाडग्यात, मीठ घालून, सोबत खोबऱ्याची चटणी नाहीतर भाजलेला सुका बांगडा. उरलेला भात वेळून ठेवायचा, तो दुपारच्या आमटीबरोबर. एकाच टोपात न्याहारी आणि जेवण. माझ्या मुलीला मुंबईत पांढऱ्या भाताने पोट भरल्यासारखंच वाटत नाही, दर मे महिन्यात दहा किलो उकडा घेऊन जाते.

पुणे
वीस वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावर इराणी विद्यार्थी राहायचे. त्यांच्यातल्या एकीने मला त्यांचा भात शिकवला, अजून पाहुणे आले की करते. लांब दाण्याचा बासमती मिठाच्या पाण्यात तासभर भिजवायचा. मग पुष्कळ खारट पाण्यात सात-आठ मिनिटं उकळायचा. दाणा बाहेरून मऊ, आत कणी असतानाच चाळणीत ओतायचा. पातेल्याच्या तळाला तूप आणि केशराचं पाणी, त्यावर दह्यात कालवलेला थोडा भात दाबून बसवायचा आणि बाकीचा भात हलक्या हाताने डोंगरासारखा रचायचा. झाकणाला स्वच्छ कापड गुंडाळायचं. हे कापडच महत्त्वाचं: झाकणावर जमणारी वाफ ते शोषून घेतं, थेंब भातावर पडत नाहीत. पाऊण तास अगदी मंद आच. तळाला जी सोनेरी, कुरकुरीत खरवड धरते तिला ते 'तहदीग' म्हणतात आणि ती आधी पाहुण्याच्या ताटात वाढतात. आमच्या घरी तळाला लागलेला भात करणारणीची चूक समजला जायचा. त्या मुलीने मला पहिला तुकडा दिला तेव्हा मला फार वेगळं वाटलं होतं.

चंद्रपूर
आमच्याकडे एचएमटी. हा वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या बांधीतून निवडून काढला. १९८३ मध्ये त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या जपून त्यांनी बी वाढवलं आणि घड्याळाच्या नावावरून नाव दिलं. ते २०१८ मध्ये गेले. हा तांदूळ शिजवताना त्यांची आठवण राहावी असं मला वाटतं. बारीक दाणा, मोकळा शिजतो, म्हणून गोळाभाताला उत्तम. भरड हरभरा डाळीचे गोळे भात अर्धा शिजला की वर ठेवायचे, झाकून वाफ द्यायची, आणि ताटात गोळा फोडून त्यावर हिंग-मोहरी-लाल मिरचीचं कडकडीत तेल.

योकोहामा
इथे भात चिकटच हवा, नाहीतर काड्यांनी उचलणार कसा? पाणी नितळ होईपर्यंत तांदूळ धुवायचा, अर्धा तास भिजवायचा, पाणी जेमतेम सव्वापट. शिजल्यावर दहा मिनिटं झाकण काढायचं नाही, मग खालून वर एकदा हलवायचा. विजेवरचा भात-कुकर तोशिबाने १९५५ मध्ये आणला. त्याची युक्ती मला फार आवडते: बाहेरच्या भांड्यातलं पाणी आटेपर्यंत तापमान शंभराच्या वर जात नाही, आटलं की एकदम चढतं आणि खटका बंद होतो. ह्या तांदळाचा दहीभात आईच्या आंबेमोहराच्या दहीभाताच्या सगळ्यात जवळ जातो.

सातारा
मी फौजेत होतो, दोन वर्षं लेहला. तिथे उंचीमुळे पाणी साधारण ८८ अंशांवरच उकळतं. उघड्या पातेल्यात भात तासभर ठेवला तरी कणी राहते. कुकरशिवाय इलाज नाही, आणि त्यालाही खालच्यापेक्षा जास्त वेळ.

ठाणे
मी परिचारिका आहे, म्हणून एक सांगते. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलटीचं विष सकाळच्या फोडणीनेही जात नाही. भात पसरट ताटात लवकर गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशीचा फोडणीचा भात त्यानेच जास्त मोकळाही होतो.

पुणे, पुन्हा मी, प्रश्न विचारणारी
रविवारी कुकर लावलाच नाही. तपेली घेतली, इंद्रायणी पंधरा मिनिटं भिजवला, दीडपट पाणी, मंद आच, सावंतवाडीच्या ताईंच्या आजीसारखं पाणी न बघता मधूनच शीत दाबून पाहिलं. कापडाचीही युक्ती वापरली. आसट, मऊ, पण शीत न् शीत वेगळं. बाबांनी वरण-तूप-लिंबू घेऊन दोनदा भात मागून घेतला, आई गेल्यापासून पहिल्यांदा. आता घरात आजऱ्याचा घनसाळ आला आहे, नवा आहे. आजरा-गडहिंग्लजकडचं कोणी असेल तर त्याला पाणी किती घालता ते सांगा.